लाल खडक, निळी सावली: वाचकांचे छायाचित्रणाविषयीचे प्रश्न

या अंकासाठी पत्रे निवडताना लक्षात आले की त्यांतली बहुतेक एकाच मुलखाविषयी आहेत. अमेरिकेत स्थिरावलेल्या मुलांकडे गेलेले आईवडील आणि तिथेच राहणारे वाचक लास व्हेगासहून निघून झायन, ब्राइस, पेज आणि ग्रँड कॅन्यन असा फेरा करतात आणि परतल्यावर संगणकावर चित्रे उघडली की डोळ्यांनी पाहिलेले आणि कॅमेऱ्याने आणलेले यांचा मेळ बसत नाही. तक्रारी निरनिराळ्या असल्या तरी दुखणे बहुतेक ठिकाणी एकच आहे. त्या मुलखात उजेड आणि सावली यांतले अंतर इतके मोठे असते की चित्रातले काहीतरी सोडावेच लागते, आणि काय सोडायचे हे आपण ठरवले नाही तर ते कॅमेरा परस्पर ठरवून टाकतो.

प्रश्न (नाशिकहून): सांदण दरीत मी अनेकदा छायाचित्रे काढली आहेत, त्यामुळे अरुंद घळीतल्या अंधाराची सवय आहे. एप्रिलमध्ये ॲरिझोनातल्या पेज गावाजवळच्या अँटिलोप कॅन्यनच्या वरच्या घळीत गेलो होतो. कॅमेऱ्यातला आलेख (हिस्टोग्राम, म्हणजे चित्रात काळोख किती आणि उजेड किती हे डावीकडून उजवीकडे दाखवणारा) उजव्या कडेला कुठेही टेकलेला नव्हता, तरी भिंतींचे उजळ भाग घरी आल्यावर सपाट नारिंगी डागांसारखे निघाले आणि बाकीचा रंग मातकट दिसला. ट्रायपॉडही नेऊ दिला नाही. चूक कुठे झाली असेल?

उत्तर: सांदणची सवयच बहुधा आड आली असावी. सांदणचा कातळ काळा बेसाल्टचा आहे. तो पडलेला उजेड गिळतो, त्यामुळे तिथे तळाशी पोचतो तो मुख्यतः वरच्या फटीतून थेट उतरलेला आकाशाचा फिकट उजेड. अँटिलोपची भिंत नवाहो वालुकाश्माची आहे आणि लोहाच्या ऑक्साइडांनी रंगलेली आहे. ऊन वरच्या काठावर आदळते, तिथून समोरच्या भिंतीवर, समोरून पुन्हा अलीकडच्या भिंतीवर असे टप्पे खात खाली येते, आणि प्रत्येक टप्प्याला खडक त्यातला निळा भाग ठेवून घेऊन तांबडा-पिवळा पुढे धाडतो. म्हणून ज्या वळणांवर थेट ऊन कधीच पडत नाही, तीच वळणे आतून पेटल्यासारखी दिसतात. तिथे चित्र काढायचे ते या परावर्तित उजेडाचे, उन्हाच्या पट्ट्याचे नव्हे.

आता आलेखाविषयी. आपण पाहिलात तो पांढऱ्या रंगात दिसणारा एकत्रित आलेख असावा. तो तेजाचा असतो आणि तेज मोजताना हिरव्या रंगाला सर्वांत जास्त वजन दिले जाते. घळीतल्या नारिंगी भिंतीत हिरवा बेताचा, निळा नावापुरता आणि लाल मात्र काठोकाठ असतो, त्यामुळे एकत्रित आलेख निवांत दिसत असतानाच लाल वाहिनी ओसंडून गेलेली असते. लाल कापला गेला की खडकावरच्या बारीक थरांच्या रेषा पुसल्या जातात आणि आपल्याला दिसला तो सपाट डाग उरतो. कॅमेऱ्याच्या मेन्यूत लाल, हिरवा आणि निळा असे तीन आलेख वेगवेगळे दाखवण्याची सोय बहुधा असते. ती सुरू करावी, आणि लाल आलेख उजवीकडे टेकत असेल तर एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप उतरवावे. (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.) कॅमेरा हा आलेख जेपेग चित्रावरून काढतो, म्हणून 'व्हिव्हिड' शैली लावलेली असल्यास ती काढून 'न्यूट्रल' ठेवावी, म्हणजे रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीत) खरोखर काय आहे याचा अंदाज जवळपास बरोबर येतो.

मातकट रंगाचा दोष ऑटो व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप साधलेल्या रंगांच्या समतोलाचा, आहे. चौकट नारिंगी दिसली की कॅमेऱ्याला ती चूक वाटते आणि तो निळा मिसळून ती 'दुरुस्त' करतो. व्हाइट बॅलन्स सरळ सूर्यप्रकाशावर, म्हणजे साधारण ५२०० ते ५५०० केल्विनवर, बांधून ठेवावा. मग एकाच भिंतीच्या खांद्याला केशरी, पोटाला गुलाबी आणि पायथ्याशी, जिथे फक्त निळ्या आकाशाचा उजेड पोचतो तिथे, वांग्याच्या सालीसारखा जांभळा दिसेल. हे रंग तिथे असतातच. संगणकावर सॅच्युरेशनची कळ ओढून ते आणायची गरज नाही, आणि ती ओढलेली चित्रे पाहून माझे डोळे आता थकले आहेत.

ट्रायपॉडला तिथल्या फेऱ्यांत सध्या परवानगी नाही. ही जमीन नवाहो राष्ट्राची, म्हणजे नवाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या स्वशासित प्रदेशाची, आहे आणि तिथे नवाहो मार्गदर्शकाबरोबरच जाता येते, तेव्हा त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. एफ/४ (भिंगाचे छिद्र), आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० आणि शटर १/३० सेकंदाच्या आसपास ठेवून, पाठ भिंतीला न टेकवता कोपर बरगड्यांना घट्ट धरले तर आजच्या स्थिरीकरण असलेल्या कॅमेऱ्यांतून चित्र पुरेसे खणखणीत येते. थोडे दाणे दिसले तर दिसू द्यावेत. वालुकाश्मालाही साखरेएवढे दाणे असतातच. वरची आकाशाची फट मात्र निर्दयपणे चौकटीबाहेर ठेवावी. ती आत आली की एकतर ती पांढरी जळते, नाहीतर तिला वाचवताना भिंती विझतात.

वरच्या घळीतले प्रसिद्ध प्रकाशझोत साधारण मार्चअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, दुपारच्या सुमारास उतरतात. आपण एप्रिलमध्ये गेलात, म्हणजे मोसम बरोबर होता. वेळेचा घोळ मात्र होऊ शकतो. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नाहीत, नवाहो राष्ट्रात करतात, आणि पेज गाव ॲरिझोनाच्या वेळेने चालते. या सीमेवर फोनचे घड्याळ आपोआप एक तास उडी मारते आणि फेरी चुकते. हातातले साधे घड्याळ ॲरिझोनाच्या वेळेला लावून फोनकडे दुर्लक्ष करणे हा उपाय मला स्वतःला एक फेरी चुकल्यावर सुचला.

प्रश्न (ठाण्याहून, एक निवृत्त शिक्षिका): ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर होपी पॉइंटहून सूर्यास्त टिपला. आकाश छान आले तर दरी शाईसारखी काळी, दरी दिसावी म्हटले तर आकाश पांढरे. अर्धी काळी असणारी ग्रॅज्युएटेड फिल्टरची काच घ्यावी का?

उत्तर: घेऊ नये. त्या काचेची काळोखी सरळ रेषेत संपते आणि तिचा उपयोग समुद्राच्या क्षितिजासारख्या सपाट ठिकाणी होतो. ग्रँड कॅन्यनमध्ये सुळके आणि बुरूज क्षितिजाच्या वर-खाली होत राहतात, त्यामुळे नेमकी उन्हाने उजळलेली टोके काचेखाली येऊन काळवंडतात.

आपण सूर्याकडे तोंड करून उभ्या होता, आणि त्या वेळी अडचण फिल्टरने सुटण्याच्या पलीकडची असते. ही दरी दीड किलोमीटरहून अधिक खोल आणि काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आहे. सूर्य कलला की तिचा तळ आधी सावलीत जातो आणि सावली पाणी भरावे तशी हळूहळू वर चढते. चांगल्या कॅमेऱ्याचा उजेड टिपणारा सेन्सर सर्वांत कमी आयएसओला सुमारे १४ स्टॉपचे अंतर पेलतो असे कागदावर असते, पण त्या शेवटच्या स्टॉपमधली सावली वर ओढली की ती रंगहीन आणि डागाळलेली निघते. म्हणून सूर्याकडे पाठ करून पूर्वेकडे पाहावे. शेवटचे ऊन समोरच्या कड्यांच्या फक्त डोक्यांवर उरलेले असते आणि त्यामागचे आकाश त्यांच्याहून कमी उजळ असते, त्यामुळे दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये मावतात.

त्याहून चांगली वेळ सूर्य बुडाल्यानंतरची आहे, आणि ती जवळजवळ सगळे पर्यटक सोडतात. सूर्याची कड नाहीशी झाली की काही जण टाळ्या वाजवतात आणि गर्दी बसथांब्याकडे वळते. पुढची दहा ते वीस मिनिटे पश्चिमेचे आकाश हाच एक प्रचंड मोठा दिवा होतो. त्याचा उजेड दरीत सगळीकडे सारखा झिरपतो, सावल्या सैल पडतात आणि मघाशी शाईत बुडालेले थर एकामागून एक वर येतात. पूर्वेला क्षितिजालगत राखी-निळा पट्टा दिसतो, ती पृथ्वीचीच सावली. तिच्यावरची गुलाबी पट्टी या वेळी दरीच्या लाल थरांशी असा काही रंग जुळवते की चित्रात काही करायचे उरत नाही. ट्रायपॉड लावावा, आयएसओ १००, एफ/८ ठेवावे आणि शटर दोन-चार सेकंदांवर गेले तरी जाऊ द्यावे. सूर्य चौकटीत हवाच असेल तर दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन चित्रे घेऊन संगणकावर हलक्या हाताने जोडावीत. जोडताना सावली आकाशाहून उजळ होऊ देऊ नये. तसे झाले की पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी चित्र खोटे असल्याचे कळते.

प्रश्न (फिनिक्सहून): पोलरायझर (एका दिशेने कंप पावणारा उजेड अडवणारा फिल्टर) लावल्यावर आकाश एका बाजूला गडद निळे आणि दुसऱ्या बाजूला फिके का येते?

उत्तर: आकाशातल्या उजेडाचे ध्रुवीकरण सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असते आणि दोन्हीकडे कमी होत जाते. १६ किंवा २० मिमीच्या भिंगात आकाशाचा एवढा मोठा तुकडा मावतो की हा उतार चित्रात दिसतो. रुंद भिंगावर तो लावू नये. दक्षिण काठ सुमारे २१०० मीटर उंचीवर आहे, हवा कोरडी आहे आणि आकाश तिथे मुळातच गडद असते. पोलरायझरचा खरा उपयोग झायनच्या नॅरोज घळीत होतो, जिथे व्हर्जिन नदीतून चालताना ओल्या दगडांवरची चमक काढली की त्यांचा रंग दिसतो. पण पूर्ण फिरवलात तर पाण्यावरचे भिंतीचे सोनेरी प्रतिबिंबही जाते, म्हणून निम्म्यावर थांबावे.

प्रश्न (कोल्हापूरहून): कड्यावर पूर्ण चंद्र उगवताना टिपला, पण तो पांढऱ्या पेढ्यासारखा आला. त्यावरचे डाग दिसत नाहीत.

उत्तर: चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडकच आहे. आपल्याकडे रात्र असली तरी त्याच्यावर दुपार असते, आणि त्याचे एक्स्पोजर दुपारच्या खडकाच्या जवळपासचे, म्हणजे आयएसओ १०० ला एफ/११ आणि १/१०० सेकंद असे काहीतरी लागते. अंधारलेल्या कड्याला काही सेकंद लागतात. एका चित्रात हे दोन्ही बसणे अशक्य आहे. जमीन अजून उजेडात असताना चंद्र वर आलेला असेल, असाच दिवस निवडावा लागतो. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो सूर्यास्तापूर्वी साधारण पाऊण ते एक तास उगवतो, तेव्हा घरच्या दिनदर्शिकेत चतुर्दशी पाहावी; ॲरिझोना आपल्या साडेबारा तास मागे आहे, एवढा फरक तिथीत धरावा.

याच पेचातले सर्वांत प्रसिद्ध चित्र अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळ काढले. कबरस्तानातले पांढरे क्रूस मावळत्या उन्हात चमकत होते, चंद्र वर आला होता आणि त्यांना प्रकाशमापक सापडेना. चंद्राची दीप्ती दर चौरस फुटाला २५० कँडल असते हे त्यांना पाठ होते. त्यावरून त्यांनी हिशेब केला आणि एफ/३२ ला एक सेकंद दिला. दुसरे निगेटिव्ह घेण्यापूर्वीच क्रूसांवरचे ऊन गेले होते. चंद्र वाचला, पण निगेटिव्हचा जमिनीचा भाग इतका पातळ होता की १९४८ मध्ये त्यांना तेवढ्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तो दाट करावा लागला. सोडायचे काय, हे त्यांनी काही सेकंदांत ठरवले होते. आपल्या हातात दिनदर्शिका आहे आणि आलेखही आहे.

प्रश्न (पुण्याहून): सह्याद्रीत एप्रिल-मे महिन्यांत आकाशगंगा टिपतो. जुलैत ग्रँड कॅन्यनला जाणार आहे. दक्षिण काठावरून दरीवर आकाशगंगा कशी मिळेल?

उत्तर: तिचा तेजस्वी गाभा दक्षिण काठावरून दरीवर मिळणार नाही, आणि हे तिथे रात्री अकराला कळण्यापेक्षा आत्ता कळलेले बरे. गाभा धनु राशीत, म्हणजे दक्षिणेला असतो. दक्षिण काठावर उभे राहिल्यावर दरी उत्तरेला असते. तोंड दरीकडे केले की गाभा पाठीमागे, पाइनच्या झाडांवर राहतो. दरीच्या वर गाभा हवा तर उत्तर काठावरून दक्षिणेकडे पाहावे लागते. तो काठ हिवाळ्यात बंद असतो, आणि जुलै २०२५ च्या वणव्यात तिथले ऐतिहासिक लॉज जळून गेले आहे, म्हणून सध्या काय उघडे आहे याची चौकशी करूनच बेत आखावा.

दुसरा फरक उंचीचा. पुण्याहून गाभा दक्षिण क्षितिजाच्या सुमारे ४२ अंश वर चढतो, तिथे केवळ २५ अंश. आपल्याकडे तो किल्ल्याच्या बुरुजाच्या बराच वर लटकतो, तिथे तो कड्याला चिकटून येतो. त्यामुळे चौकट आडवी धरली तरी चालते, पण दक्षिणेला मोकळे नसलेल्या घळीत तो दिसतच नाही. उलट ध्रुवतारा पुण्यात साडेअठरा अंशांवर असतो, तिथे ३६ अंशांवर. दक्षिण काठावरून दरीवर ध्रुवाभोवतीच्या ताऱ्यांच्या रेघा काढल्या तर ते चित्र त्या जागेचे ठरेल, आणि मी तिथे असतो तर तेच काढले असते.

गाभ्यासाठी २० मिमीच्या भिंगावर एफ/२.८, आयएसओ ३२०० ते ६४०० आणि १५ सेकंद ही सुरुवात चांगली. ५०० भागिले भिंगाची लांबी हा जुना नियम २५ सेकंद सांगतो, पण आजच्या सेन्सरवर तेवढ्यात तारे लांबट होतात. फोकस तेजस्वी ताऱ्यावर, पडद्यावर दहापट मोठे करून, हाताने लावावा. खडक पूर्ण काळा राहू नये म्हणून टॉर्च फिरवण्याची पद्धत मला आवडत नाही, आणि काही राष्ट्रीय उद्यानांत तिला बंदीही आहे. शुद्ध चतुर्थी-पंचमीची कोर संध्याकाळी पश्चिमेला असते. तिच्या तिरप्या उजेडात खडकाचे चित्र घ्यावे, कॅमेरा जराही न हलवता ती मावळेपर्यंत थांबावे आणि मग आकाशाचे घ्यावे. एकाच जागेची, एकाच रात्रीची ही दोन चित्रे जोडण्यात मला गैर वाटत नाही. दुसऱ्याच गावाचे आकाश आणून चिकटवण्यात वाटते. वाट वाकडी करण्याची तयारी असेल तर यूटामधले नॅचरल ब्रिजेस पाहावे. २००७ मध्ये जगातले पहिले आंतरराष्ट्रीय गडद-आकाश उद्यान म्हणून त्याला मान्यता मिळाली, आणि तिथल्या ओवाचोमो या दगडी कमानीखाली उभे राहिले की कमानीच्या आतही आकाशगंगा दिसते.

प्रश्न (न्यू जर्सीहून): जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे ढग असतात म्हणून बेत पुढे ढकलावा का?

उत्तर: छायाचित्रासाठी ढकलू नये. निरभ्र वाळवंटी आकाश पाहायला सुंदर आणि चौकटीत रिकामे असते. तिकडेही या पावसाला मान्सूनच म्हणतात. सकाळ स्वच्छ, दुपारी गडगडाट आणि संध्याकाळी ढगांखालून आलेले तिरपे ऊन, असा त्याचा नेहमीचा क्रम असतो. काळ्या ढगापुढे उन्हातला लाल कडा हे दृश्य वर्षभरात याच दिवसांत मिळते. वीज चमकू लागल्यावर मात्र काठावर धातूचा ट्रायपॉड घेऊन उभे राहू नये, गाडीत बसावे.

अरुंद घळींचा नियम वेगळा आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अँटिलोपच्या खालच्या घळीत अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटकांचा मृत्यू झाला. पाऊस कोसळला होता तो घळीपासून काही मैल वरच्या अंगाला. वरच्या घळीच्या नवाहो नावाचा अर्थच 'पाणी खडकांतून वाहते ती जागा' असा आहे. मार्गदर्शकाने फेरी रद्द केली तर डोक्यावरचे निळे आकाश दाखवून त्याच्याशी हुज्जत घालू नये.

प्रश्न (सांगलीहून): माझ्याकडे फक्त फोन आहे. आणि वाळूपासून काय जपावे?

उत्तर: फोनमध्ये अतिरुंद भिंग टाळून मुख्य भिंग वापरावे, कारण बहुतेक फोनमध्ये मोठा सेन्सर त्याच्यामागे असतो. पडद्यावर सर्वांत उजळ भिंतीवर बोट टेकवून धरावे आणि सूर्याचे चिन्ह खाली ओढून खडकाच्या रेषा परत दिसेपर्यंत उजेड उतरवावा. रॉची सोय असेल तर ती सुरू ठेवावी. घळीत मार्गदर्शक अनेकदा फोन हातात घेऊन उबदार रंगाचा फिल्टर लावून देतात. तो नको असेल तर बाहेर पडल्यावर काढायला विसरू नये, नाहीतर पुढच्या मुक्कामातली माणसेही केशरी येतात.

वाळूविषयी एवढेच, की घळीत भिंग बदलू नये. प्रकाशझोत दिसावा म्हणून तिथे मूठभर वाळू हवेत उडवतात आणि वाऱ्याने ती वरच्या काठावरूनही झिरपत असते. माझ्या एका भिंगाची झूमची कडी त्या दिवसापासून फिरवताना कर्र वाजते. धूळ कापडाने पुसू नये, ओरखडे पडतात. आधी रबरी फुग्याच्या ब्लोअरने उडवावी, मग मऊ ब्रशने झटकावी, आणि कॅमेऱ्याची पिशवी मुक्कामी पोचल्यावर खोलीत न झाडता बाहेर झाडावी.